पुढची ओळ सुचते कशी?

गाइडमधलं सोडवलेलं गणित वाचायला बसलं की सगळं पटत जातं. प्रत्येक ओळ मागच्या ओळीतून आलेली दिसते, आपण मान डोलावतो, आणि वही मिटून तेच गणित कोऱ्या पानावर करायला घेतलं की दुसऱ्याच ओळीला गाडी अडते. माझी भाची यंदा दहावीला आहे, तिचं वर्षभर हेच चाललंय, "मावशी, कळतंय गं सगळं, पण ही पुढची ओळ यांना सुचली कशी?" मला हा प्रश्न फार आवडतो, कारण क्लासमध्ये तो विचारायला कुणाला वेळच नसतो, तिथे पोर्शन संपवायचा असतो. लग्नाआधी मी बरीच वर्षं शिकवण्या घेतल्या, आता परत संध्याकाळी बिल्डिंगमधली पोरं येऊन बसतात, आणि तेव्हाही हाच प्रश्न होता आणि आत्ताही हाच आहे, फक्त गाइडचे कव्हर बदललेत.

माझं म्हणणं असं की गणित लिहायचं वरून खाली असलं तरी सापडतं बऱ्याचदा खालून वर. शेवटी काय हवंय ते बघायचं, ते मिळायला त्याच्या आधी हातात काय असायला हवं ते बघायचं, असं मागे मागे येत दिलेल्या माहितीपाशी पोचायचं, आणि मग सगळं सुलटं करून फेअर लिहायचं. छापील उत्तरात फक्त फेअर असतं. रफ कुणी छापत नाही, आणि शिकण्यासारखं जे काय असतं ते त्या रफमध्येच असतं. म्हणून माझ्याकडे पहिला नियम, पानाच्या उजव्या बाजूला रेघ मारून कच्चं काम तिथेच करायचं आणि ते खोडायचं नाही, खोडरबर दप्तरात राहू दे.

सुरुवात अगदी सोप्यापासून. (पुस्तकात एक्स आणि वाय असतात, मी इथे क्ष आणि य लिहितेय, मोबाइलवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, आणि आईच्या वेळी तर क्षच असायचा.)

५क्ष − ७ = २क्ष + ८

हे कुणालाही येतं. २क्ष इकडे, ७ तिकडे, चिन्हं बदलली, ३क्ष = १५, क्ष = ५. पण विचारा की ७ तिकडे गेल्यावर अधिक का झाला, तर उत्तर येतं "बाजू बदलली की चिन्ह बदलतं", म्हणजे जणू बरोबरच्या चिन्हावर टोलनाका आहे आणि पलीकडे जायचं तर काहीतरी भरावंच लागतं! अहो इकडून तिकडे काहीच जात नाही. आपल्याला शेवटी एकट्या क्षला गाठायचंय, त्याच्या बाजूला −७ चिकटलाय, तो घालवायचा तर ७ मिळवायला हवेत, आणि डावीकडे मिळवले तर उजवीकडेही मिळवायलाच हवेत नाहीतर दोन बाजू सारख्या राहणार नाहीत. झालं ५क्ष = २क्ष + १५. मग दोन्हीकडून २क्ष वजा. मग दोन्हीकडे ३ ने भाग. पक्षांतर हा याचाच शॉर्टकट आहे आणि शॉर्टकट म्हणून एकदम झकास आहे, पण ज्याला मूळ रस्ता माहीत नाही तो ३क्ष = १५ वरून सरळ क्ष = १५ − ३ = १२ लिहून मोकळा होतो, कारण ३ पण "तिकडे गेला" ना. चांगल्या हुशार पोरांच्या वहीत मी हे पाहिलंय.

आणि ताळा करा, प्लीज. क्ष = ५ ठेवलं की डावीकडे २५ − ७ = १८, उजवीकडे १० + ८ = १८. दहा सेकंद लागतात. पोरं करत नाहीत कारण त्याला वेगळे मार्क नसतात.

आता कंस. कंसाचं हे गणित मी मुद्दाम देते आणि त्यात एक गंमत आहे.

४ − ३(क्ष − २) = १

बरोबर रस्ता असा, ३ ने कंसाला गुणायचं आणि आधी वजा आहे म्हणून −३ ने गुणायचं, −३ गुणिले −२ म्हणजे +६, तेव्हा ४ − ३क्ष + ६ = १, १० − ३क्ष = १, ३क्ष = ९, क्ष = ३. नेहमीची चूक म्हणजे +६ च्या जागी −६ लिहिणं, मग क्ष = −१ येतं, आणि ताळा केला की डावीकडे ४ − ३(−३) म्हणजे १३ येतात, १ कुठे आणि १३ कुठे, लगेच पकडलं जातं. पण दुसरी एक चूक आहे ती भारी आहे. काही पोरं डावीकडून वाचत येतात, ४ − ३ = १ करतात, मग १(क्ष − २) = १, म्हणून क्ष = ३. उत्तर बरोबर! ताळाही बरोबर! मग मी फुली मारली की भांडण सुरू, "ताई, उत्तर तर आलं ना?" मग मी म्हणते बरं, उजवीकडच्या १ च्या जागी ७ लिही आणि तुझ्या पद्धतीने कर. क्ष − २ = ७, क्ष = ९. आता ठेव बघू, ४ − ३ गुणिले ७, म्हणजे −१७. आलं का ७? खरं उत्तर १ आहे, ४ − ३(−१) = ७. म्हणजे ताळ्याने उत्तर तपासलं जातं, रस्ता नाही तपासला जात. रस्त्यासाठी प्रत्येक ओळीला "हे कशावरून" विचारावं लागतं, आणि इथे उत्तर असतं की गुणाकार आधी, तो ३ कंसाचा आहे, ४ चा त्याच्यावर काही हक्क नाही.

शाब्दिक उदाहरणांना पोरं घाबरतात, पण माझ्या मते तीच सगळ्यात सोपी असतात कारण तिथे संख्यांना चेहरा असतो. हे बघा. ३ वडापाव आणि २ चहा यांचे ८४ रुपये, २ वडापाव आणि ३ चहा यांचे ७६ रुपये, तर एकाची किंमत काय. दहावीच्या पद्धतीने वडापाव क्ष, चहा य,

३क्ष + २य = ८४
२क्ष + ३य = ७६

आता ९० टक्के पोरं न बघता पहिल्याला २ ने, दुसऱ्याला ३ ने गुणायला धावतात. येतं उत्तर, प्रश्नच नाही. पण जरा थांबून बघा ना, ३ आणि २, २ आणि ३, सहगुणकांची अदलाबदल झालीये. बेरीज करा, ५क्ष + ५य = १६०, म्हणून क्ष + य = ३२. वजाबाकी करा, क्ष − य = ८. आता हे दोन छोटेसे, पुन्हा बेरीज, २क्ष = ४०, वडापाव २० चा, चहा १२ चा. ६० आणि २४, ८४. ४० आणि ३६, ७६. बरोबर.

पण "हे सुचलं कसं" याचं उत्तर समीकरणात नाहीये, गाडीवर आहे. दोन्ही बिलांत नग पाचच आहेत. पहिल्या बिलातला एक वडापाव काढून त्याच्या जागी चहा घेतला की दुसरं बिल तयार होतं आणि ८ रुपये वाचतात, म्हणजे वडापाव चहापेक्षा ८ ने महाग, झालं, क्ष − य = ८ आपोआप आलं. मग पहिल्या बिलातले तिन्ही वडापाव परत करून चहाच घेतला तर ३ गुणिले ८ म्हणजे २४ रुपये कमी, ५ चहाचे ६०, एक चहा १२. सातवीतल्या पोराला क्ष-य माहीत नसताना हे तोंडी करता येतं. तरी पेपरात मात्र समीकरणं मांडूनच लिहायचं, पहिली ओळ "समजा, एका वडापावची किंमत क्ष रुपये" आणि शेवटची ओळ पूर्ण वाक्यात, रुपये लिहून. हे सांगून सांगून माझा घसा बसलाय.

भूमितीकडे जाताना मधे एक थांबा घेते कारण हे गणित मला अतिशय प्रिय आहे आणि ते आपल्याकडचं आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्यातला लीलावती हा भाग. (चाळीसगावजवळ पाटणदेवीला कधी गेलात तर त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे म्हणून लक्षात ठेवा.) गणित असं, ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मधेच मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर बांबू किती उंचीवर मोडला?

आकृती काढली की काटकोन त्रिकोण दिसतो. उभा राहिलेला तुकडा क्ष, तिरका पडलेला तुकडा ३२ − क्ष, जमिनीवर १६. पायथागोरस लावा,

(३२ − क्ष)² = क्ष² + १६²
१०२४ − ६४क्ष + क्ष² = क्ष² + २५६

पोरांना इथे वर्गसमीकरण दिसून धडकी भरते, पण दोन्हीकडून क्ष² उडतो, उरतं ६४क्ष = ७६८, क्ष = १२. तिरका तुकडा २०. १२, १६, २०, म्हणजे आपला ३, ४, ५ चारपट करून. छान.

पण आचार्यांची रीत याहून भारी आहे. त्यांना कर्ण (तिरका तुकडा) आणि कोटी (उभी बाजू) यांची बेरीज माहीत आहे, ३२. भुज (जमिनीवरची बाजू) माहीत आहे, १६. हवंय काय? कोटी. आता शाळेतलं ते दोन संख्यांचं, बेरीज आणि फरक माहीत असला की दोन्ही संख्या मिळतात, म्हणजे आपल्याला फक्त फरक मिळाला की काम झालं. फरक कुठून आणायचा? कर्णाचा वर्ग वजा कोटीचा वर्ग म्हणजे भुजाचा वर्ग, आणि वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. तेव्हा फरक = २५६ भागिले ३२ = ८. कोटी = (३२ − ८) भागिले २ = १२. क्ष मानायची गरजच नाही. बघा, शोध लागला खालून वर, काय मिळालं तर पुरे, ते कुठून मिळेल, असं करत, आणि लिहिताना दोन ओळींत आटोपलं.

आता भूमिती. इथे खरी रडारड असते. बीजगणितात निदान काहीतरी इकडचं तिकडे करत राहता येतं, भूमितीत आकृतीकडे नुसतं बघत बसायची वेळ येते. बोर्डाच्या पेपरात कृती पूर्ण करा म्हणून चौकटी भरायचे प्रश्न असतात, मार्कांच्या दृष्टीने ते बरे आहेत, पण त्यात सांगाडा आयता मिळतो, पोरगं चौकटीत "सामाईक बाजू" लिहून पुढे जातं, ही बाजू मुळात का निवडली याचा विचार करायची पाळीच येत नाही. मग पुढे पूर्ण सिद्धता लिहा म्हटलं की पक्ष (जे दिलंय ते) आणि साध्य (जे सिद्ध करायचंय ते) लिहून झालं की पेन थांबतं.

वर्तुळाच्या धड्यातलं एक प्रमेय घ्या, वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून त्या वर्तुळाला काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात. केंद्र म, बाहेरचा बिंदू प, स्पर्शबिंदू अ आणि ब. साध्य काय, पअ = पब. उजवीकडच्या रफमध्ये सगळ्यात खाली हे लिहायचं. आता विचार, दोन लांबी सारख्या आहेत हे आपण आजवर कसं कसं सिद्ध केलंय? समद्विभुज त्रिकोण असेल तर, किंवा दोन त्रिकोण एकरूप असतील आणि या त्यांच्या संगत बाजू असतील तर. समद्विभुज म्हणायला कोन सारखे हवेत, त्याचं काही हाताशी नाही. मग एकरूप त्रिकोण. पण आकृतीत तर त्रिकोणच नाहीत! नाहीत ना, मग काढा. एका त्रिकोणात पअ हवी, दुसऱ्यात पब, आणि आपल्याकडे ज्याच्याबद्दल काही माहिती आहे असा एकच जास्तीचा बिंदू आहे, म. मअ, मब, मप जोडा. ही ती "रचना", जी गाइडमध्ये आभाळातून पडल्यासारखी दिसते.

आता दोन त्रिकोण, पअम आणि पबम. सारखं काय काय आहे? मअ आणि मब, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. मप दोघांत सामाईक. आणि अ, ब पाशी काटकोन, स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. काटकोन, कर्ण, एक बाजू, म्हणजे कर्ण-भुजा कसोटी. झालं. आता हे उलटं करून लिहा, प्रत्येक ओळीसमोर कारण. इथे एक खबरदारी, काटकोन कर्णासमोर आहे, ज्या दोन बाजू सारख्या दाखवल्या त्यांच्या मधे नाही, म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) लिहू नका. आणि बाबाको (बाजू-बाजू-कोन) नावाची कसोटी अस्तित्वात नाही हेही सांगून ठेवते, दरवर्षी कुणीतरी तिचा शोध लावतंच.

हे प्रमेय नुसतं पाठ करून ठेवलं तर चार मार्क, वापरलं तर मजा. काटकोन त्रिकोण अबक, ब पाशी काटकोन, अब = ५, बक = १२, अक = १३. आत तिन्ही बाजूंना स्पर्श करणारं वर्तुळ, त्याची त्रिज्या काढा. खालून वर, त्रिज्या हवी, तिला त्र म्हणू. तिचा या बाजूंशी संबंध कुठे येतो? ब च्या कोपऱ्यात. केंद्रातून अब आणि बक वर त्रिज्या टाका, तिथे दोन काटकोन, ब पाशी तिसरा, म्हणजे चौकोनाचे चारही कोन काटकोन, आणि लगतच्या दोन बाजू त्रिज्या असल्याने सारख्या, तेव्हा तो चौरस. (आकृतीत चौरसासारखा दिसतो म्हणून चौरस म्हणायचं नाही, ही एवढी ओळ लिहायचीच.) म्हणून ब पासून दोन्ही स्पर्शबिंदू त्र अंतरावर. मग अ पासूनचा स्पर्शिकाखंड ५ − त्र, क पासूनचा १२ − त्र, आणि वरच्या प्रमेयाने कर्णावरचे दोन तुकडे तेवढेच. तेव्हा

(५ − त्र) + (१२ − त्र) = १३
१७ − २त्र = १३
त्र = २

भूमितीचं गणित आणि शेवट आठवीतल्या समीकरणाने. ताळा हवा असेल तर क्षेत्रफळाने करा, त्रिकोणाचं क्षेत्रफळ ३०, आणि केंद्र तिन्ही शिरोबिंदूंना जोडून झालेल्या तीन त्रिकोणांची बेरीज म्हणजे अर्धी परिमिती गुणिले त्रिज्या, १५ गुणिले २, तेही ३०.

आकृतीबद्दल एक सांगायचं राहिलं. पोरं कुठलाही त्रिकोण काढा म्हटलं की छान सुबक समद्विभुज काढतात, मग शिरोलंब, मध्यगा आणि कोनदुभाजक तिन्ही एकाच रेषेवर येतात आणि जे दिलेलंच नाही ते डोळ्यांना दिसायला लागतं. वाकडातिकडा काढा, एक बाजू चांगली लांब, एक आखूड, कोन कसेही. मग जे सारखं दिसेल ते खरंच काहीतरी कारणाने सारखं असेल. पेपरात मात्र भौमितिक रचनेच्या प्रश्नाला पेन्सिलीला टोक असू दे आणि कंपासचे कंस पुसू नका, मार्क त्यांनाच असतात.

सगळ्याच गणितांना उलटं चालत यायची गरज नाही हेही खरं. किंमत ठेवून काढायची असते, सूत्रात घालायचं असतं, तिथे सरळ पुढे जायचं, उगाच डोकं खाजवत बसायचं नाही, प्रत्येक भागाला ४० मार्कांच्या पेपरला दोनच तास असतात. अडलं की मात्र पानाच्या तळाशी जायचं.

भाचीला गेल्या रविवारी लीलावतीतलंच दुसरं गणित दिलंय, ते इथेही देऊन ठेवते. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आली होती, वाऱ्याने हळूहळू कलत गेली आणि दोन हात अंतरावर बुडाली, तर पाणी किती खोल? देठाची लांबी बदलत नाही, मूळ जागचं हलत नाही, म्हणजे बुडताना देठ हा कर्ण, खोली ही कोटी, दोन हात हा भुज. बांबूच्या गणितात कर्ण आणि कोटीची बेरीज दिली होती, इथे त्यांचा फरक दिलाय, अर्धा हात. तेव्हा यावेळी भागाकाराने बेरीज काढायची, ४ भागिले अर्धा, ८. उत्तर पावणेचार हात यायला हवं. कुणाला क्ष मानून करायचं असेल तर तसं करा, पण रफ खोडू नका.